नर्तकीचा वेष व गृहिणीचें वस्त्र

१

चिखले हें डहाणू तालुक्यांतील समुद्रकांठचें एक गांव होय. पश्चिमेस सुरूचीं झाडें व त्यापलीकडे समुद्र, पूर्वेस वाड्या, भातखाचरें व वारली लोकांचे पाडे, अशी त्याची ठेवण आहे. सेवानिवृत्तीनंतर आमचें वास्तव्य येथें असून प्रस्तुत लेखाचें बीजही याच पंचक्रोशींत आमच्या मनांत पडलें.

शिक्षकी पेशांत असतां एका वर्षीं स्नेहसंमेलनासाठीं वारली मुलींचें तारपानृत्य बसविण्याचें काम आमच्याकडे आलें. नाच मुलींना येतच होता. त्यांना शिकवावें असें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. आम्हीं केलें तें इतकेंच कीं, सर्व मुली एकसारख्या दिसाव्या म्हणून पिंवळ्या रंगाचीं, हिरव्या कांठांचीं, घोट्यापर्यंत येणारीं शिवलेलीं लुगडीं भाड्यानें आणविलीं. समारंभ यथासांग पार पडला व टाळ्याही पुष्कळ मिळाल्या. मांडवाच्या कडेला एक वृद्ध वारलीण बसली होती. आम्ही जवळून जाऊं लागलों तेव्हां तिनें विचारलें, "गुरुजी, नाच आमचा; मग लुगडं कोणाचं?"

या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं. पुढें जुने ग्रंथ व चित्रें चाळतांना तोच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं समोर येऊं लागला. नर्तकीचा वेष येतो कोठून, आणि पुढें तो जातो कोठें? या दोन प्रश्नांचा यथामति परामर्श घेण्याचें येथें योजिलें आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकणें बरें. नृत्याचा वेष हा पुष्कळदां कष्ट करणाऱ्या लोकांच्या नित्याच्या वस्त्रांतून निघतो; नृत्य त्यास घाट देतें; आणि घाट आलेलें तें वस्त्र प्रतिष्ठितांच्या घरांत शिरून फॅशन या नांवानें मिरवूं लागतें. मात्र वस्त्र आंत जातें, तें प्रथम नेसणारी बाहेरच राहते.

२

आपल्या शास्त्रकारांनीं वेषाचा विचार गौण मानलेला नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले असून, त्यांपैकीं आहार्य म्हणजे वेष, भूषणें, रंग व इतर बाह्य साधनें यांनीं होणारा अभिनय होय. त्यास एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. वेषाचे शुद्ध, विचित्र व मलिन असे तीन भेद तेथें केले आहेत, आणि निरनिराळ्या प्रदेशांतील स्त्रियांची केशरचना व वस्त्रें कशीं दाखवावीं हेंही सांगितलें आहे. आभीर स्त्रियांच्या दोन वेण्या व निळसर वस्त्र यांचा उल्लेख या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. गुराखी समाजांतील स्त्री रंगभूमीवर आणावयाची तर तिचें नित्याचें वस्त्र हाच तिचा नाट्यवेष, असा याचा अर्थ होतो. दाक्षिणात्य लोक नृत्य, गीत व वाद्य यांचे विशेष भोक्ते असून त्यांच्यांत कैशिकी वृत्तीचें प्राधान्य असतें, असेंही भरतानें म्हटलें आहे. आणि कैशिकी वृत्तीचें एक लक्षण म्हणजे सुंदर, नाजूक नेपथ्य हें होय.

कालिदासाचें मालविकाग्निमित्र हें नाटक या विषयाच्या अभ्यासकानें पुनः एकदां उघडावें अशी आमची शिफारस आहे. गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयीं कलह होतो व शिष्यांच्या प्रयोगावरून निर्णय करण्याचें ठरतें. त्या वेळीं निर्णयाचें काम जिच्याकडे आलें आहे ती परिव्राजिका कौशिकी एक अट घालते: सर्व अंगांचें सौष्ठव स्पष्ट दिसावें म्हणून पात्रांनीं विरल नेपथ्यांत, म्हणजे मोजक्या वस्त्राभूषणांत, प्रवेश करावा. नृत्यवेषाचें मूळ तत्त्व याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं. नर्तकीचें वस्त्र अंग शोभविण्यासाठीं आहेच, परंतु त्याआधीं तें गति दिसूं देण्यासाठीं आहे.

याच नाटकाच्या पांचव्या अंकांत धारिणी राणी त्याच कौशिकीस मालविकेच्या अंगावर विदर्भदेशचा विवाहवेष चढविण्यास सांगते, आणि त्या वेषांत आलेली मालविका राजाला दिसते ती फार खालीं न लोंबणारें रेशमी वस्त्र नेसलेली. पहिल्या अंकांतील अट व पांचव्या अंकांतील हा विवाहवेष एकत्र ठेवून पाहिले असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. एकाच मुलीच्या अंगावर प्रथम नर्तकीचा वेष येतो व नंतर वधूचा, आणि तो वधूवेषही पायघोळ नाहीं. विदर्भ म्हणजे आजच्या महाराष्ट्राचाच भाग. तेथील वधूचें वस्त्र राजाच्या अंतःपुरांत निराळें म्हणून ओळखलें जात होतें, आणि तें अंगावर घालणें हा सन्मान होता. मालविका दासी म्हणून नाचली तेव्हां ती कोण हें कोणास ठाऊक नव्हतें; राजकन्या ठरली तेव्हां तिचा वेषही मान्य झाला.

३

ग्रंथांकडून लेण्यांकडे वळूं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील महाजनक जातकाच्या चित्रांत एक नर्तकी वादिकांच्या मेळ्यांत नाचत आहे. हें काम वाकाटककालीन, म्हणजे इ. स. च्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मानलें जातें. राजपरिवारांतील बहुतेक स्त्रियांच्या अंगावर न शिवलेलीं वस्त्रें व अलंकार आहेत. नर्तकीच्या अंगांत मात्र बाह्यांचें शिवलेलें वस्त्र असून कमरेखालीं पट्ट्यापट्ट्यांचें वस्त्र आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यांत गाभाऱ्याच्या भिंतीवर सहा वादिकांच्या मध्यें नाचणारी स्त्री कोरलेली आहे. तेथें शिल्पकारानें विरल नेपथ्याचें तत्त्व पाळलें आहे. वस्त्र अंगास बिलगलेलें, आणि अंगाचा बांक पूर्णपणें मोकळा.

शिवलेल्या वस्त्राविषयीं एक समज रूढ आहे कीं, कात्री व सुई या देशांत परकीयांबरोबर आल्या. तो समज कोशांपुढें टिकत नाहीं. अमरकोशांत चोल व कूर्पासक हे समानार्थी शब्द दिले आहेत. आपली चोळी ही त्या चोलाची लेक होय. त्याच कोशांत अर्धोरुक, ज्यास चंडातक असेंही म्हणतात, हें स्त्रियांचें अर्ध्या मांडीपर्यंतचें वस्त्र नोंदलें आहे. तेव्हां अजिंठ्याच्या नर्तकीचें शिवलेलें वस्त्र हें नवल नव्हे. नवल इतकेंच कीं, ज्या दरबारांत इतर स्त्रिया तें वापरीत नाहींत तेथें नर्तकी तें वापरते. पुढें कित्येक शतकांनीं बाह्यांची चोळी ही दक्षिणेंतील सभ्य गृहिणीच्या पेहेरावाचा अविभाज्य भाग झाली. एका चित्रावरून वंशावळ सिद्ध होत नाहीं हें खरें. पण जें वस्त्र पुढें मर्यादेचें चिन्ह ठरलें तें या चित्रांत नर्तकीच्या अंगावर आहे, ही गोष्ट विसरूं नये.

४

यानंतरचा पुरावा आमच्या मतें सर्वांत मोलाचा आहे. काकतीय गणपतिदेवाचा गजसेनापति जाय यानें इ. स. १२५३-५४ च्या सुमारास नृत्तरत्नावली नांवाचा ग्रंथ रचला. त्यांत गोंडली या नृत्यप्रकाराची उत्पत्ति सांगतांना तो एक वृत्तांत देतो. कल्याण नगरींत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण येथें, भूतमातेच्या उत्सवांत भिल्लिणीच्या वेषांत एक स्त्री गात नाचत होती. तें पाहून सोमेश्वर राजा प्रसन्न झाला व त्या नृत्यास त्यानें आश्रय देऊन रूप दिलें. महाराष्ट्रांत भिल्लिणीस गोंडिणी म्हणतात, म्हणून त्या नृत्याचें नांव गोंडली पडलें, असा खुलासाही जाय करतो. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकराच्या नर्तनाध्यायांत याच नृत्याचा विधि दिला आहे. आजच्या गोंधळाचें नातें अनेक अभ्यासकांनीं या शब्दाशीं जोडलें आहे.

हा सोमेश्वर म्हणजे मानसोल्लासाचा कर्ता, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत झालेल्या या राजास वस्त्रांची किती पारख होती हें त्याच्या ग्रंथांतील वस्त्रोपभोगाच्या प्रकरणावरून दिसतें. निरनिराळ्या नगरांहून येणारीं वस्त्रें, त्यांचे रंग व कोणत्या ऋतूंत कोणतें ल्यावें, याचा तेथें विस्तार आहे. ज्याच्या जामदारखान्यांत चीनपासून नागपट्टणापर्यंतचीं वस्त्रें येत होतीं, त्या राजाची नजर उत्सवाच्या गर्दींत खिळली ती रानांतील स्त्रीच्या वेषावर. रानांतून उत्सवांत, उत्सवांतून दरबारांत व दरबारांतून शास्त्रांत, असा हा प्रवास ग्रंथकारानें स्वतःच नोंदून ठेविला आहे. नृत्याचें नांवही रानांतल्या स्त्रीचें राहिलें. मात्र उत्सवांत नाचणाऱ्या त्या स्त्रीचें नांव जाय देत नाहीं.

५

आतां वेषाच्या घडणीकडे पाहूं, कारण कोणता वेष कां टिकला हें घडणीवांचून कळत नाहीं.

मऱ्हाटी लुगड्याचें वैशिष्ट्य म्हणजे कासोटा. नऊ वारांचें एकच वस्त्र कमरेस गुंडाळून, पुढें निऱ्या घालून, मधला भाग पायांमधून मागें नेऊन खोचतात. त्यामुळें दोन्ही पाय स्वतंत्र होतात. शेतांत लावणीस वांकावयाचें, घोड्यावर बसावयाचें, होडींतून पाण्यांत उतरावयाचें, डोंगर चढावयाचा, तर हें नेसणें सोयीचें. कासोटा हा श्रमाचा शोध आहे. परंतु जी सोय शेतांत पायास मोकळीक देते तीच फडावर पदन्यास दाखविते. पायांतील चाळांचा ठेका जेथें मुख्य, तेथें प्रत्येक पाय निरनिराळा दिसलाच पाहिजे. लावणीनें कासोटा सोडला नाहीं याचें कारण रूढि हें आहेच, पण त्याहून अधिक हें आहे.

याच्या उलट पेशवाज. हा शब्द फारशी असून पुढून उघडा असा त्याचा अर्थ आहे. पेशवे या पदाशीं त्याचें नातें पेश, म्हणजे पुढें, या एका शब्दापुरतेंच. पेशव्यांच्या दरबारावरून हें नांव पडलें अशी जी समजूत ऐकूं येते ती टाकून द्यावी. वर घट्ट, छातीखालीं चुणलेला व खालीं मोठ्या घेराचा हा झगा पायजम्यावर घालीत व त्यावर ओढणी घेत. मोगल दरबारांतून तो कलावंतिणींबरोबर दक्षिणेंत आला. त्याचें सामर्थ्य गिरकींत आहे: नर्तकी फिरली म्हणजे घेर फुलतो व थांबली म्हणजे क्षणभर तसाच फिरत राहतो. कासोटा पाय दाखवितो, पेशवाज वर्तुळ दाखवितो. दोन्ही वेष विरल नेपथ्याच्या तत्त्वाचेच दोन निरनिराळे अर्थ होत.

या पेशवाजाची पुढील गति पाहण्यासारखी आहे. तो ल्यावयाची त्या कलावंतिणीस सभ्य घराचा उंबरठा बंद होता. पण आज लग्नसराईंत कोणत्याही कापडाच्या दुकानांत गेलें असतां घेरदार, उंच कमरेचा जो पोषाख अनारकली म्हणून दाखवितात तो या पेशवाजाचाच वंशज होय. अकबराच्या दरबारांतील जी नर्तकी दंतकथेनें भिंतींत चिणली, तिचें नांव चित्रपटांच्या द्वारें वस्त्रास चिकटलें आणि तें वस्त्र सुवासिनी हौसेनें घेऊं लागल्या.

ही गति केवळ आपल्याकडचीच नव्हे. पारीस येथें अठराव्या शतकांत मारी कामार्गो या नर्तकीनें पावलांचें काम दिसावें म्हणून आंखूड घागरा वापरला व त्याबद्दल बोल सोसले. कौशिकीची अट तिला ठाऊक नव्हती, पण तिनें पाळली तीच. पुढें १९१० मध्यें त्याच शहरांत रशियन नर्तकमंडळीनें शेहेराजाद हा पौर्वात्य थाटाचा खेळ केला, आणि नंतर तेथील श्रीमंत स्त्रियांत तसले सैल पायजमे व भडक रंग यांची टूम वाढली. नृत्य पुढें जातें, पेहेराव मागून येतो, हा नियम दोन्हींकडे सारखाच दिसतो.

६

महाराष्ट्रांतील अठराव्या व एकोणिसाव्या शतकांच्या संधिकालासाठीं आपल्यापाशीं एक मोठें साधन आहे, तें म्हणजे लावण्यांचीं बाडें. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, परशराम, सगनभाऊ व प्रभाकर यांच्या लावण्या आजवर भाषा, छंद व शृंगार या दृष्टींनीं पुष्कळ वाचल्या गेल्या. वस्त्रांच्या याद्या म्हणून त्या फारशा वाचल्या गेल्या नाहींत. शालू, पैठणी, चंद्रकळा, पितांबर, खणाची चोळी, नथ, बुगडी अशा नांवांची त्यांत दाटी असते. कवि अतिशयोक्ति करतो हें मान्य. पण जें वस्त्र श्रोत्यांस ठाऊक नाहीं त्याचें नांव घेऊन फड जिंकतां येत नाहीं. हीं नांवें पेशवे दफ्तरांतील पोषाख-बक्षिसांच्या नोंदींशीं ताडून पाहिलीं तर कोणतें वस्त्र फडावर आधीं आलें व कोणतें वाड्यांत, याचा कांहीं निर्णय लागेल.

तमाशाच्या फडावर प्रथम स्त्रीवेष घेत तो नाच्या पोर्‍या. पुढें पवळा हिवरगांवकरणीसारख्या स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या व लोकांनीं त्यांना डोक्यावर घेतलें. तरीही त्यांच्या नेसण्याची, पदर कमरेस आंवळण्याची किंवा वेणीवर फुलें माळण्याची तऱ्हा आपण त्यांच्यापासून घेतली असें कोणा प्रतिष्ठित गृहिणीनें उघडपणें म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

संगीत रंगभूमीवर मात्र चित्र पालटलें. किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा प्रयोग १८८० मध्यें झाला, आणि १९०५ मध्यें नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व हे किर्लोस्कर मंडळींत आले. १९११ च्या मानापमानांतील भामिनी, १९१६ च्या स्वयंवरांतील रुक्मिणी अशा त्यांच्या भूमिकांनीं पुण्यामुंबईच्या स्त्रियांस वेड लाविलें. त्यांचे शालू व पैठण्या, त्यांची पदर घेण्याची ढब, त्यांचा अंबाडा व त्यावरील गजरा यांचें अनुकरण घरोघर झालें, हें तत्कालीन आठवणींतून सर्वविश्रुत आहे. येथें नृत्य गौण व गायन मुख्य होतें हें खरें. पण रंगभूमीवरील वेष लोकांत उतरण्याचें आपल्या इतिहासांतील हें सर्वांत ठळक उदाहरण होय.

आम्हांस यांत बालगंधर्वांच्या थोर कलेस उणेपणा आणावयाचा नाहीं. विचारावयाचें तें इतकेंच कीं, तोच शालू, तोच गजरा, तोच मुरका एका स्त्रीच्या अंगीं असतां जो निंद्य ठरला तो एका पुरुषाच्या अंगीं आला म्हणजे अनुकरणीय कां व्हावा? उत्तर कडू आहे. पुरुषापासून घेतलेल्या फॅशनीला तिच्या मूळ धनिणीचें ऋण मानावें लागत नव्हतें.

दक्षिणेंत असाच प्रकार निराळ्या वाटेनें घडला. तंजावरच्या मऱ्हाटी राजांनीं, विशेषतः दुसऱ्या सरफोजीनें (१७९८-१८३२), ज्या नृत्यास आश्रय दिला, त्यांतील नर्तकी पायजम्यावर जरीचें लुगडें नेसून नाचत. तंजावरची राजकन्या १८८० मध्यें बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांस दिली तेव्हां तेथील नर्तकींचा मेळाही बडोद्यास आला. पुढें देवदासींच्या चालीविरुद्ध मुंबई इलाख्यांत १९३४ चा कायदा झाला. आणि १९३५ मध्यें मद्रासेजवळ अड्यार येथें रुक्मिणीदेवींनीं तें नृत्य नव्या वेषांत सभ्य रंगमंचावर आणिलें. मंदिरांतील शिल्पांवरून सुचलेला, पंख्यासारख्या निऱ्यांचा, शिवलेला तो वेष आज शाळाशाळांतून मुली घालतात. त्या चालींत अन्याय होता व ती बंद झाली हें योग्यच झालें. परंतु ज्या स्त्रियांनीं तें नृत्य शतकानुशतकें जिवंत ठेविलें त्यांचें लुगडें व पायजमा मात्र पाहावयास सांपडतात ते जुन्या छायाचित्रांत.

७

आतां पुनः चिखल्यास येऊं. भातकापणीच्या सुमारास पाड्यांवर तारपा वाजूं लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाचें पान यांचें हें फुंकण्याचें वाद्य. वाजविणारा मध्यें, व त्याच्याभोंवतीं स्त्रीपुरुषांची सांखळी सर्पाच्या वेटोळ्यासारखी फिरते. वादक वळला कीं सांखळी वळते. त्याच्याकडे कोणी पाठ करीत नाहीं. या नाचांतील स्त्रीचें जुनें वस्त्र म्हणजे गुडघ्यापर्यंत आंवळून नेसलेलें लुगडें, चोळी व वरून घेतलेली फडकी.

हा वेष नाचासाठीं मुद्दाम केलेला नाहीं; चिखलांत भात लावतांना तोच असतो. पण तो नाचास किती अनुरूप आहे पाहा. सांखळींत प्रत्येकीचे दोन्ही हात शेजारणींच्या कमरेमागें गुंतलेले असतात. पदर सांवरण्यास हात मोकळा नाहीं. म्हणून पदर व फडकी बांधलेलीच असलीं पाहिजेत. पाऊल पुढें, मागें व बाजूस झटकन् पडतें आणि गुडघा वांकतो. म्हणून वस्त्र गुडघ्याखालीं येतां कामा नये. आम्हीं आणविलेल्या पायघोळ लुगड्यांत मुली दोनदां अडखळल्या, हें त्या वृद्धेनें पाहिलें होतें. आम्हीं पाहिलें नव्हतें.

मात्र या वस्त्राचें केवळ गोडवे गाऊनही चालणार नाहीं. लुगडें आंखूड असण्यांत सोय होती तसें दारिद्र्यही होतें. वेठबिगारींत राबणाऱ्या घरांत कापडाची हातभर बचत ही बचतच होती. तलासरीजवळ झरी येथें मे १९४५ मध्यें वारल्यांनीं एकत्र जमून वेठ न करण्याचा निर्धार केला, तो इतिहास या भागांत अजून जिता आहे. ज्या स्त्रीला अंगभर वस्त्र हवें असून मिळालें नाहीं, तिच्या आंखूड लुगड्यास कलेचा नमुना म्हणून मखरांत बसविणें हाही एक अन्यायच ठरेल. तिच्या नातीनें पायघोळ नेसावें कीं न नेसावें हें तिनेंच ठरवावें. आम्हीं ठरवूं नये.

आणि आतां या कथेचा शेवटचा वळसा. वारली घरांत लग्नाच्या वेळीं सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. त्या लेखनकलेंत तारप्याचें वेटोळें आहेच. डहाणू तालुक्यांतील गंजाड गांवचे जिव्या सोमा म्हशे (१९३४-२०१८) यांनीं १९७० नंतरच्या काळांत ती कला कागदावर व कापडावर आणून जगभर नेली. त्यांस २०११ मध्यें पद्मश्री मिळाली. त्यानंतर तें वेटोळें लुगड्यांच्या पदरांवर, ओढण्यांवर, सदऱ्यांवर उमटलें. आज मुंबईच्या एखाद्या समारंभांत ज्या रेशमी पदरावर तारपानृत्याची रांग छापलेली दिसते, त्या पदराच्या धनिणीस ती रांग कोणत्या पाड्यावर फिरते हें क्वचितच ठाऊक असतें. पूर्वीं नृत्याचा वेष फॅशन होत असे. येथें नृत्यच वस्त्रावरील नक्षी झालें, आणि नाचणारीचें वस्त्र जेथल्या तेथें राहिलें. दुसरीकडे फडावरच्या झटपट वेषबदलास सोयीचा असा शिवलेला कासोटा आतां तयार नऊवारी म्हणून लग्नमंडपांत नवऱ्या मुलीच्या अंगावर मिरवतो. बाराव्या शतकांत सोमेश्वरानें जें केलें तेंच आपण करीत आहों. फरक इतकाच कीं, जाय सेनापतीनें निदान भिल्लिणीचें ऋण ग्रंथांत लिहून ठेविलें.

८

या पत्रिकेच्या वाचकांत पोथ्या व कागद जमविणारे सज्जन पुष्कळ आहेत. त्यांस एक विनंती करून लेख पुरा करितों.

वस्त्राचा इतिहास कठीण होतो तो वस्त्र कुजतें म्हणून. कागदास आपण कपाट देतों. जुन्या लुगड्याचें पायपुसणें होतें. पण एके ठिकाणीं जुनें वस्त्र आपल्याच हातांत असतें व आपण तें ओळखत नाहीं. तें ठिकाण म्हणजे पोथीचें बासन. पूर्वीं घरांतील फाटलेल्या शालूचा, लुगड्याचा अथवा पेशवाजाच्या घेराचा तुकडा पोथी बांधण्यास घेत. कित्येक वर्षांपूर्वीं एका घरच्या पोथ्यांची व्यवस्था लावतांना आम्हीं स्वतः असलीं जीर्ण बासनें काढून टाकिलीं आणि प्रत्येक पोथीस नवा लाल खारवा बांधिला. त्यांत एक तुकडा काळ्या रंगाचा, तांबड्या कांठाचा होता हें अजून आठवतें. त्या घरीं लावण्यांचें एक बाडही होतें. बाड आम्हीं जतन केलें; ज्या वस्त्राचें त्यांत वर्णन असेल तें वस्त्र कदाचित् आमच्याच हातानें उकिरड्यावर गेलें. ही चूक दुसऱ्यानें करूं नये.

बासन सोडलें तर तें टाकूं नये. पोथीच्या नोंदींत त्याचीही नोंद करावी: पन्हा किती, कांठ विणलेला कीं जोडलेला, रंग कोणता, जर आहे कीं नाहीं, शिवणीचीं भोकें दिसतात काय. वस्त्र अखंड असेल तर झीज कोठें आहे हें अवश्य लिहावें. कासोट्याचें लुगडें मधोमध झिजतें, पायघोळ नेसलेलें खालच्या कांठास झिजतें. नेसणारी कशी वावरत होती हें तिच्या मागें झीज सांगते. आणि तें वस्त्र कोणाचें, हें घरांतील वडीलधाऱ्या बायकांस विचारावें. पुरुषांस तें बहुधा ठाऊक नसतें.

त्या वृद्ध वारलिणीस आमचें उत्तर द्यावयाचें राहिलें होतें. पुढच्या संमेलनापूर्वीं आम्ही तिच्या पाड्यावर गेलों व मुलींनीं काय नेसावें हें तिलाच विचारलें. तिनें मुलींकडे बोट केलें. मुलींनीं आपसांत बोलून आपापल्या घरचीं लुगडीं आणलीं; कोणाचें तांबडें, कोणाचें हिरवें, एकीचें विटलेलें. एकसारखें कांहींच नव्हतें. नाच मात्र कोठें अडखळला नाहीं.